होरेबवरून परतताना

शास्त्रवाचन : १ राजे १९:१-१८, मार्क १:३५-३८



पवित्र शास्त्रातील माणसे थकली, भ्याली किंवा एकटी पडली की पुष्कळदा खडकाचा आश्रय घेताना दिसतात. शौलाच्या भीतीने दावीद एन-गेदीच्या कड्याकपारींत लपला. एकसष्टाव्या स्तोत्रात भक्त देवाजवळ मागणे करतो ते आपल्याहून उंच असलेल्या खडकाचे. मोशेला देवाने खडकाच्या कपारीत उभे केले आणि मग आपले तेज त्याच्या जवळून जाऊ दिले. एलीया तर कर्मेल डोंगरावर साऱ्या इस्राएलासमोर निर्भयपणे उभा राहिलेला संदेष्टा. परंतु ईजबेलीच्या एका निरोपाने तो इतका खचला की जीव घेऊन रानात निघून गेला आणि अखेर होरेब डोंगरावरील एका गुहेत जाऊन राहिला.

परंपरेने ज्या डोंगराला होरेब अथवा सीनाय मानले आहे, तो जबल मूसा आज इजिप्त देशाच्या सीनाय द्वीपकल्पात आहे. हाच तो डोंगर की दुसरा, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि शतकानुशतके यात्रेकरू तेथेच जात आले आहेत. त्याची उंची २,२८५ मीटर. सभोवती उंच, ओसाड वाळवंट आणि तांबूस ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर. पायथ्याशी सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन याने बांधविलेला संत कॅथरीनचा मठ असून त्याच्या भिंतीही ग्रॅनाइटच्याच चिऱ्यांच्या आहेत. मठापासून वर जाणाऱ्या सुमारे ३,७५० दगडी पायऱ्यांना पश्चात्तापाच्या पायऱ्या म्हणतात. शिखराच्या खाली डोंगराच्या कुशीत एक खोलगट सपाटी आहे. तिला आजही एलीयाचे नाव आहे.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ भूपृष्ठावर वाहत आलेल्या लाव्हारसाचा बनला. ग्रॅनाइटचे तसे नाही. तो जमिनीच्या पोटात, खोल अंधारात, प्रचंड भाराखाली, अतिशय सावकाश थंड होत घडतो. म्हणून तर त्याचे स्फटिक डोळ्यांना दिसण्याइतके मोठे होतात. पुढे वरचे थर झिजून गेले की तो उजेडात येतो. तत्काळ निकाल हवा असलेला एलीया अशा, घाई ठाऊक नसलेल्या खडकाच्या पोटात जाऊन बसला होता. तेथे त्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे आज आपण पाहू.

होरेब आपल्यापासून दूर आहे. परंतु आपल्या देशाच्या राजधानीच्या दाराशी असाच एक खडकाळ, शांत प्रदेश आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यात, फरिदाबादहून सोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत धौज नावाचे गाव आहे. गावाजवळ अरवलीच्या ठेंगण्या टेकड्या आहेत. पाऊस बरा झाला की भरणारे एक तळे, काटेरी झुडपे आणि त्यांमधून वर आलेले करड्या-तांबूस रंगाचे कडे व धोंडे, असे त्या जागेचे रूप आहे. हा खडक ग्रॅनाइट नव्हे. अरवलीचा ग्रॅनाइट पाहावयाचा तर तिच्या दक्षिण टोकाला, अबूच्या पहाडावर जावे लागते. धौजचा खडक क्वार्टझाइट आहे. एके काळी ती साधी वाळू होती. उष्णतेने व दाबाने तिचे कण एकमेकांत असे मिसळून गेले की आता खडक फुटला तर दोन कणांमधून न फुटता कणांच्या आरपार फुटतो. त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे.

दिल्लीचे प्रस्तरारोहक कित्येक वर्षांपासून या कड्यांवर सराव करीत आले आहेत. उन्हाळ्यात येथे खडकाला हात लावता येत नाही. म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. त्यांपैकी काही जण दोर न वापरता दोन-चार पुरुष उंचीच्या धोंड्यांवरच चढतात. या प्रकाराला बोल्डरिंग म्हणतात. पायांत घट्ट रबरी बूट, घामेजल्या हातांना लावावयास पांढरी पूड, धोंड्याच्या पायथ्याशी अंथरलेली जाड गादी आणि पाठीशी हात वर करून उभा असलेला सोबती. एवढीच त्यांची सामग्री. आमच्या मंडळीच्या तरुण संघातील काही मुलेमुली तेथे जातात. एका फेब्रुवारीच्या शनिवारी त्यांच्या आग्रहावरून मीही गेलो आणि दिवसभर खाली बसून पाहत राहिलो. तेथे मला एलीयाचा हा अध्याय पुन्हा पुन्हा आठवत होता. त्यातून तीन गोष्टी आपणांपुढे ठेवतो.

१. मौन राखावे लागते

धौजला पोहोचल्यावर प्रथम कानांना शांतता जाणवते. गुरगाव आणि नोएडा येथील कार्यालयांत दिवसरात्र राबणाऱ्या आमच्या तरुणांना तिचीच ओढ असते. परंतु ही शांतता आपोआप उरलेली नाही. दिल्ली वाढली ती पुष्कळशी याच डोंगरांच्या जिवावर. अरवलीचा दगड फोडून खडी झाली. या दगडापासून निघणाऱ्या भरड तांबड्या वाळूला दिल्लीचे गवंडी बदरपूर म्हणतात. राजधानीतील किती तरी भिंतींत ती कालवलेली आहे. डोंगराच्या जागी खोल खड्डे पडले, भूजल उपसले गेले. अखेरीस न्यायालयाला मध्ये पडावे लागले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरवलीतील खाणकामावर निर्बंध घातले आणि मे २००९ मध्ये फरिदाबाद, गुरगाव व मेवात या भागांतील खाणकाम थांबविण्याचा आदेश दिला. चोरटी खोदाई त्यानंतरही पूर्णपणे संपलेली नाही. तरी जे कडे उभे आहेत, ते कोणीतरी अधिकाराने ‘पुरे’ म्हटल्यामुळे उभे आहेत.

प्रियजनहो, आपल्या जीवनाचेही असेच नाही काय? आपला एकेक दिवस फोडून आपण त्याची खडी करीत असतो. नोकरी, प्रवास, हप्ते, मुलांच्या शिकवण्या आणि हातातला मोबाइल. या सर्वांना पुरवठा करता करता आतला डोंगर केव्हा खणला गेला आणि त्या जागी खड्डा केव्हा पडला, हे आपल्याला कळतही नाही. म्हणून देवाने शब्बाथाची आज्ञा दिली. ती केवळ सवलत म्हणून दिलेली नाही; ती आज्ञा आहे. माणूस आपण होऊन थांबत नाही, हे उत्पन्नकर्त्याला ठाऊक होते. आणि ती आज्ञा दिली गेली ती याच सीनाय डोंगरावरून, हे विसरू नये.

एलीयाच्या बाबतीत देवाने आधी काय केले, ते पाहा. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या आपल्या सेवकाला त्याने बोध केला नाही, दोषही दिला नाही. त्याला झोपू दिले. दूताने स्पर्श करून उठविले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले. पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले. थकलेल्या माणसाला पहिली गरज विश्रांतीची व अन्नाची असते, हे स्वर्गातील देव जाणतो. तेव्हा एखाद्या शनिवारी आमचे तरुण खडकांच्या सावलीत जाऊन बसत असतील, तर मंडळीतील वडीलधाऱ्यांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. प्रभू येशूदेखील पहाटे, अंधार असतानाच, उठून एकांतात जात असे.

२. भार टाकावा लागतो

त्या दिवशी एक मुलगी प्रथमच एका उतरत्या, गुळगुळीत शिळेवर चढत होती. शिळा फार उंच नव्हती. पण मध्यावर गेल्यावर ती घाबरली. भीतीने तिने दोन्ही हातांनी खडकाला मिठी मारली, छाती दगडाला टेकवली, आणि लागलीच तिचे पाय घसरू लागले. खाली उभा असलेला शिकवणारा तरुण ओरडून सांगू लागला की खडकापासून अंग दूर घे, सरळ उभी राहा, पायांवर भार दे. तिला ते पटेना; कोणालाही पटले नसते. घसरत असताना खडक सोडून सरळ उभे राहावयाचे, हे बुद्धीला उलटे वाटते. परंतु ती उभी राहिली आणि पाय जागच्या जागी रुतल्यासारखे झाले.

याचे कारण साधे आहे. अशा शिळेवर माणसाला धरून ठेवते ते घर्षण. आणि पावलावर जितका भार सरळ पडेल, तितके घर्षण वाढते. खडकाला बिलगले की भार पायांवरून निघून जातो आणि पाय निसटतात. भीतीची मिठी माणसाला वाचवीत नाही. भार टाकल्याशिवाय खडक धरीत नाही.

किती तरी ख्रिस्ती माणसे विश्वासाला अशीच भीतीने बिलगून असतात! देवाचे नाव मुखात आहे, पवित्र शास्त्र उशाशी आहे, उपासना चुकत नाही. पण जीवनाचा खरा भार मात्र अजून बँकेतील पुंजीवर, साहेबाच्या मर्जीवर किंवा आपल्याच चातुर्यावर आहे. मग संकट आले की पाय घसरतात आणि आपण म्हणतो की देवाने धरले नाही. वस्तुतः त्याच्यावर आपण भार टाकलाच नव्हता. डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी प्रभूने खडकावर घर बांधणाऱ्याचा दाखला दिला. त्या शहाण्या मनुष्याने खडकाची नुसती स्तुती केली नाही. घराचे सारे वजन त्याने त्या खडकावर ठेवले. वचन ऐकणे व त्याप्रमाणे करणे यांत जो फरक आहे, तो हाच.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. खडकावर भार टाकणे वेगळे आणि कड्यावरून उडी टाकणे वेगळे. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन खाली उडी टाकण्यास सांगितले आणि त्यासाठी शास्त्रवचनाचाच आधार दिला. प्रभूने ते नाकारले. देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे. धौजला त्या मुलांनी चढण्यापूर्वी प्रत्येक धोंड्याची उतरण्याची वाट आधी पाहून ठेवली होती, हालणारा दगड चाचपून बाजूस केला होता आणि खाली गादी नीट सरकवून घेतली होती. जो खरोखर भार टाकतो, तो बेफिकीर नसतो.

३. परतावे लागते

आता या अध्यायातील मर्माकडे येऊ. एलीया गुहेत असता देवाने त्याला विचारले की तो येथे कशासाठी आला आहे. एलीयाने आपले गाऱ्हाणे सांगितले. आपण देवासाठी किती ईर्ष्यावान होतो, लोकांनी वेद्या कशा मोडल्या, संदेष्ट्यांना कसे मारले, आणि आता आपण एकटेच कसे उरलो आहोत. मग खडक फोडणारा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला; त्यांत परमेश्वर नव्हता. त्यानंतर एक शांत, मंद वाणी झाली. ती ऐकताच एलीयाने आपल्या झग्याने तोंड झाकून घेतले आणि तो गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

या मंद वाणीवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु पुढच्या दोन वचनांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. देवाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि एलीयाने पुन्हा तेच उत्तर दिले. दहावे व चौदावे वचन शेजारी ठेवून वाचा. तेच गाऱ्हाणे, तोच क्रम, शेवटी तोच एकटेपणा. एवढे अद्भुत मौन अनुभवूनही त्याच्या मनातील दुःख होते तसेच होते!

बंधुभगिनींनो, यात आपल्यासाठी मोठा बोध आहे. एकांत चांगला, मौन पवित्र. पण केवळ मौनाने माणूस बरा होत नाही. आपण डोंगरावर जातो तेव्हा आपले गाऱ्हाणेही पाठीवर बांधून नेतो आणि तेथे ते अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागते. एलीयाला आधार मिळाला तो नंतर. देवाने त्याला परत जाण्यास सांगितले. हजाएल, येहू व अलीशा या तिघांच्या अभिषेकाचे काम नेमून दिले. आणि ज्यांनी बआलापुढे गुडघे टेकले नाहीत असे सात हजार लोक इस्राएलात आपण राखून ठेवले आहेत, असे सांगितले. म्हणजे काम, सोबती आणि मंडळी, या तीन गोष्टी देवाने त्याच्यापुढे ठेवल्या. यांपैकी एकही त्या गुहेत मिळण्यासारखी नव्हती.

रानात जाण्यापूर्वी एलीयाने आपल्या सेवकाला बैर-शेबा येथे मागे ठेवले होते, हे तिसऱ्या वचनात सांगितले आहे. एकटेपणाची तक्रार करणाऱ्याने शेवटचा सोबती स्वतःच मागे सोडला होता. देवाने त्याला अलीशा दिला. होरेबवर ज्या झग्याने एलीयाने आपले तोंड झाकले होते, तोच झगा परतल्यावर त्याने शेत नांगरणाऱ्या अलीशाच्या अंगावर टाकला. देवासमोर तोंड झाकण्याकरिता वापरलेले वस्त्र अखेर दुसऱ्याच्या खांद्यावर गेले. प्रार्थनेच्या एकांताची सफलता यातच आहे.

राजधानी क्षेत्रात नोकरीनिमित्त आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी द्वारकेस, कोणी फरिदाबादेस, कोणी गाझियाबादेस. गावाकडच्या मंडळीत प्रत्येक जण आपल्याला नावाने ओळखत असे. येथे शेजारच्याला आपले आडनावही धड उच्चारता येत नाही. आपल्या भाषेतील गीत कानावर पडले नाही असे रविवार मागून रविवार जातात. मग हळूहळू उपासनेला जाणे सुटते आणि मनुष्य म्हणू लागतो की मी एकटाच उरलो. हीच गोष्ट बंगळूरला, सुरतेला, इंदुरास किंवा परदेशी राहणाऱ्यांची. या वाचकांपैकी कोणाच्या मनात आज तेच शब्द असतील, तर त्याने हे जाणावे की ते एलीयाचेही शब्द होते. ते खोटेपणाने उच्चारलेले नव्हते. पण खरेही नव्हते. एलीयाची गणना एक होती, देवाची सात हजार. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाहीत, त्यांची मोजदाद देवाजवळ आहे.

धौजला मी ज्या सोबत्याविषयी सांगितले, त्याच्याकडे पुन्हा पाहा. चढणाऱ्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या या माणसाला स्पॉटर म्हणतात. तो चढणाऱ्याला वर ढकलीत नाही. पडणाऱ्याचे सारे वजन झेलणेही बहुधा त्याच्या आवाक्यात नसते. त्याने करावयाचे ते एवढेच की, नजर हलू द्यावयाची नाही, आणि सोबती पडलाच तर त्याचे डोके व पाठ सांभाळून त्याला गादीवर नीट उतरवावयाचे. थोड्या वेळाने तो स्वतः चढतो आणि आधीचा चढणारा त्याच्या पाठीशी उभा राहतो. पौलाने गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले, ते याहून वेगळे काय आहे? मंडळीने माणसाचा डोंगर त्याच्याऐवजी चढावयाचा नसतो. परंतु तो पडेल तेव्हा तिचे हात वर असले पाहिजेत. आणि जो मंडळीपासून दूर राहून एकटाच चढतो, त्याने पडल्यावर कोणी धरले नाही अशी तक्रार कोणाजवळ करावी?

मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू एकांतात प्रार्थना करीत असता शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत आले. सर्व लोक त्याचा शोध करीत आहेत, असे त्यांनी सांगितले. प्रभू तेथे थांबून राहिला नाही. आसपासच्या गावांत जाऊन उपदेश करावा, कारण आपण याचसाठी निघालो, असे त्याने त्यांना सांगितले. त्याचा एकांत त्याला माणसांकडे घेऊन गेला. आपला एकांत आपल्याला कोठे नेतो?

म्हणून प्रियजनहो, डोंगरावर अवश्य जा. धौजला जा, सह्याद्रीत जा, किंवा घरातल्या एका कोपऱ्यात दार लावून बसा. तेथील खडक फोडू नका, तेथे कचरा टाकू नका. ती भूमी परमेश्वराची आहे. थकला असाल तर झोपा, भाकर खा. मंद वाणी ऐका. परंतु तेथे देवाचा प्रश्नही ऐका की आपण येथे का आलो आहोत. आणि उतरताना एक नाव मनात घेऊन उतरा. गेल्या काही महिन्यांत मंडळीत न दिसलेला एखादा भाऊ असेल, नव्या शहरात आलेली एखादी विद्यार्थिनी असेल, वृद्धापकाळी मुलाकडे राहावयास आलेली आणि भाषेअभावी मुकी झालेली एखादी आजी असेल. या आठवड्यात त्या दारापर्यंत जा. सात हजारांपैकी एक तेथे राहत असेल. आणि त्यालाही वाटत असेल की आपण एकटेच उरलो आहोत.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या थकव्यात तू आम्हांस विसावा देतोस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. भीतीने तुला बिलगून राहण्याऐवजी आपला सारा भार तुजवर टाकण्यास आम्हांस शिकव. आम्ही ज्यांना मागे सोडून आलो, त्यांची आम्हांस आठवण दे. आणि डोंगरावरून उतरताना कोणाच्या तरी पाठीशी उभे राहण्याचे सामर्थ्य दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.